‘रेल्वेखेरीज’: सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचं एक वाचन

(यवतमाळ इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

 

सभागृहात शिरताना एका काकांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "यवतमाळात ना तेलाची विहीर, ना तेलाची गाडी. अन् तुम्ही तेलगाडीच्या विम्यावर काय बोलनार जी?" प्रश्न रास्त आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

आपल्याकडे रेल्वे म्हटलं की शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अरुंद रूळ. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेला मार्ग. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र राहून गेली. मालकी किलिक निक्सनच्या छत्राखालच्या खासगी कंपनीची, गाडी चालवणार सरकारी रेल्वे, आणि आतला माल तिसऱ्याचाच. आपण डब्याला लोंबकळत जायचो तेव्हा 'नुकसान झालं तर भरणार कोण' हा प्रश्न आपल्याला पडला नाही. कायद्याला मात्र पडला होता. १९८९ च्या रेल्वे कायद्यात 'रेल्वे प्रशासन' या शब्दाची व्याख्या आहे. सरकारी रेल्वे असेल तर महाव्यवस्थापक. सरकारी नसेल तर मालक, पट्टेदार किंवा करारानं ती चालवणारा. म्हणजे धरायचं कोणाला, हे आधीच लिहून ठेवलंय.

कायद्यात व्याख्येचं कलम सगळ्यांत कंटाळवाणं असतं आणि सगळ्यांत महत्त्वाचंही. आज मला अशाच एका व्याख्येबद्दल बोलायचंय.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. शकुंतला थांबली, पण २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेज टप्पा सुरू झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जायचा आहे. तिकडे वणीतून कोळशाच्या मालगाड्या तर रोजच जातात. ब्रॉडगेज आली की फक्त प्रवासी गाडी येत नाही, मालगाडीही येते. तिच्यातून उद्या काय जाईल हे बाजार ठरवेल. आपल्या भागात पंपावर मिळणारं डिझेल आजही काही अंतर रेल्वेच्या टँक वॅगनमधून येतं, अकोल्याजवळच्या गायगावसारख्या डेपोत उतरतं आणि मग टँकरनं गावोगाव जातं. तेव्हा हा प्रश्न रूळ पूर्ण व्हायच्या आधी विचारलेला बरा.

विमा कोणाचा?

माझी ओळख करून देताना मला 'कायदेतज्ज्ञ' म्हटलं गेलं. तो मी नव्हे. माझं आयुष्य आगीच्या विम्याचे दावे तपासण्यात गेलं. सर्व्हेअर. आग विझली की राखेत उभं राहून आकडे लिहायचे, हे काम.

एक प्रसंग सांगतो. नाव, गाव सांगत नाही. एका जिनिंगमध्ये आग लागली. सरकी, रुई, गाठी, सगळं पेटलं. वारा होता. कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचा गोठा होता, तोही गेला. दोन म्हशी, कडबा, वरचं टिन. मी गाठी मोजत होतो तेव्हा तो माणूस माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, माझंबी लिहून घ्या." मी म्हटलं, तुमचं मला लिहिता येत नाही. पॉलिसी जिनिंगची आहे. तिच्यात जिनिंगचा माल आहे, यंत्र आहे, इमारत आहे. शेजारी नाही.

जिनिंगवाल्याला दावा मिळाला. गोठेवाल्याला कोर्टात जाऊन जिनिंगवाल्याची चूक सिद्ध करायची होती. तो गेला नाही. कोण जातो?

विम्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक विमा माझ्या मालाचा. दुसरा विमा माझ्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, म्हणजे दायित्वाचा. गाडीचा 'थर्ड पार्टी' काढता तो हा दुसरा. तिथला 'थर्ड' म्हणजे तो गोठेवाला. धोक्याचा धंदा करणाऱ्यानं शेजाऱ्याचा विचार आधी करून ठेवावा, हे या दुसऱ्या विम्याचं तत्त्व.

एक रात्र, सत्तेचाळीस माणसं

हे तत्त्व पाळलं नाही तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यांत ठळक उदाहरण कॅनडातलं आहे. क्विबेक प्रांतात लाक-मेगाँटिक नावाचं गाव. वस्ती सहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं बाजाराचं गाव समजा. ६ जुलै २०१३ च्या मध्यरात्रीनंतर कच्च्या तेलाच्या ७२ टँक वॅगनची गाडी, जी गावाच्या वर उतारावर विनाचालक उभी करून ठेवली होती, ती घरंगळत खाली आली. ६३ वॅगन घसरल्या. सुमारे ६० लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. गावाचा मध्यभाग जळाला. ४७ माणसं गेली.

रेल्वे कंपनी छोटी होती. तिचा दायित्वाचा विमा होता अडीच कोटी कॅनेडियन डॉलरचा. कंपनीनं लगेच दिवाळखोरी जाहीर केली. शेवटी पीडितांसाठी जो निधी जमला तो सुमारे ४५ कोटी डॉलरचा, म्हणजे विम्याच्या अठरापट. तो आला कुठून? तेल विकणारे, वाहून नेणारे, वॅगन भाड्यानं देणारे, त्यांच्या विमा कंपन्या, अशा पंचवीसेक जणांकडून. त्यांनी पैसे भरले, बदल्यात पुढच्या दाव्यांतून सुटका करून घेतली. कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला चालला, ते २०१८ मध्ये निर्दोष सुटले.

मग कॅनडानं कायदा बदलला. २०१५ चा कायदा, अंमल २०१६ पासून. रेल्वे कंपनी किती आणि कसला धोकादायक माल नेते यावर किमान विमा ठरला: अडीच कोटी डॉलरपासून १०० कोटी डॉलरपर्यंत. कच्च्या तेलाचा अपघात झाला तर त्या मर्यादेपर्यंत रेल्वेची चूक सिद्ध करायची गरज नाही. आणि विमा पुरला नाही तर वरचं देण्यासाठी निधी, ज्यात कच्चं तेल पाठवणारा टनामागे पैसे भरतो. सुरुवातीचा दर १.६५ डॉलर.

त्या कायद्यातही उणिवा आहेत. हा वरचा निधी कच्च्या तेलापुरताच आहे. पेट्रोल किंवा क्लोरीनच्या गाडीला तो लागू नाही. म्हणजे ज्या आगीनं गाव जळालं त्याच आगीपुरता कायदा झाला. कायदे असेच होतात, मागच्या अपघाताच्या मापाचे. पण निदान एक गोष्ट त्यांनी मान्य केली: रुळाशेजारी राहणारा माणूस या व्यवहारातला पक्ष आहे.

आपला कायदा

आता घरी येऊ. आपल्यालाही एका रात्रीनं शिकवलं होतं. २–३ डिसेंबर १९८४, भोपाळ. आणि त्यानंतर वर्षभरात, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कारखान्यातली ओलियम गळती. त्या दुसऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८६ मध्ये सांगितलं की, स्वभावतः धोकादायक असा उद्योग चालवणाऱ्याचं दायित्व पूर्ण आहे. देवाची करणी, तिसऱ्याची खोडी, असली कुठलीही सबब चालणार नाही. नफा तुमचा, तर धोकाही तुमचा. सरन्यायाधीश भगवतींच्या पीठाचा निकाल. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या प्रदूषण प्रकरणात न्यायालयानं तो पुन्हा पक्का केला.

न्यायालयाचं तत्त्व मोठं, पण जखमी माणसाला दवाखान्याचं बिल उद्या द्यायचं असतं. म्हणून १९९१ मध्ये संसदेनं सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. मी हा कायदा बरेचदा वाचलाय, आणि आधी त्याचं कौतुक करतो. भाषा सरळ आहे, रचना चांगली आहे. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या मालकानं विमा काढलाच पाहिजे. अपघात झाला तर पीडितानं चूक सिद्ध करायची नाही. वकील नको, कोर्ट नको, अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. तोही पाच वर्षांपर्यंत करता येतो. त्याहून चांगलं म्हणजे अपघात झाल्याचं कळलं की जिल्हाधिकाऱ्यानं स्वतः पडताळणी करून जाहीर करायचं, लोकांना अर्ज करायला सांगायचं. आणि ही मदत घेतली म्हणून मोठ्या भरपाईचा दावा बुडत नाही. त्या गोठेवाल्यासाठी कोणी कायदा लिहायला बसला असता तर असाच लिहिला असता.

आता दोष. पहिला दोष सगळ्यांना माहीत आहे, रकमेचा. मूळ परिशिष्टात मृत्यूसाठी मदत २५ हजार रुपये. मालमत्तेच्या नुकसानीला जास्तीत जास्त ६ हजार. १९९१ मध्येही ही रक्कम मोठी नव्हती. आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. २०२० च्या मे महिन्यात विशाखापट्टणमला वायुगळती झाली तेव्हाही कायद्यातला आकडा हाच होता. तिथं राज्य सरकारनं मृताच्या कुटुंबाला एक कोटी जाहीर केले. कायदा म्हणतो पंचवीस हजार, सरकार देतं एक कोटी. चारशेपट!

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की. थांबा. २०१७ आठवा. आपला जिल्हा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्या कुटुंबांना सुरुवातीला जाहीर झाले ते २ लाख. तिथं एक कोटी, इथं दोन लाख. मरण सारखंच, कारण दोन्हीकडे विषारी रसायनच. फरक कशाचा? हे पैसे हक्कानं मिळालेले नव्हते. त्याला 'सानुग्रह' म्हणतात. अनुग्रहाला दर नसतो. तो देणाऱ्याच्या मनावर, बातमीच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या राजकारणावर ठरतो. पुढे आपल्याच जिल्ह्यातला एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या कोर्टात कीटकनाशक कंपनीविरुद्ध गेल्या, ते यासाठीच. त्यांना अनुग्रह नको होता, त्यांना दायित्व हवं होतं.

दुसरा दोष, ज्याच्यासाठी मी आलोय

या कायद्याच्या कलम २ मध्ये 'हाताळणी' ची व्याख्या आहे. लांबलचक यादी आहे: उत्पादन, प्रक्रिया, साठवण, वापर, विक्री आणि 'वाहनानं वाहतूक'. मग वाहन म्हणजे काय? त्याच कलमात पुढे सांगितलंय. मराठीत सांगायचं तर, वाहन म्हणजे जमिनीवरच्या वाहतुकीचं कोणतंही साधन, रेल्वेखेरीज.

रेल्वेखेरीज. एवढाच शब्द. सूचना नाही, स्पष्टीकरण नाही.

याचा अर्थ काय होतो ते आपल्याच भागात बघू. तेच डिझेल घ्या. गायगावहून टँकरनं यवतमाळकडे निघालं आणि वाटेत टँकर उलटून पेटला. आजूबाजूची माणसं भाजली. त्यांच्यासाठी काय आहे? एक, मोटार वाहन कायदा. थर्ड पार्टी विमा सक्तीचा. आज कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख. दोन, हा १९९१ चा कायदा, कारण टँकर हे 'वाहन' आहे.

मोटार कायद्याचं छत्र किती मोठं आहे त्याचं मराठी मुलखातलंच उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे–बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रकची धडक झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल सांडत राहिलं. चारेक तासांनी स्फोट झाला आणि जवळ जमलेली माणसं भाजली, काही गेली. विमा कंपनीच्या बाजूचं म्हणणं असं की, धडक होऊन चार तास झाले, टँकर उभा होता, तेव्हा हा काही 'वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की, हा वापरातूनच झालेला अपघात आहे, द्या. रक्कम होती १५ हजार. एका आईला १५ हजारांसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, हेही विसरू नका. पण दार उघडलं.

आता तेच डिझेल रुळावर ठेवा. एका टँक वॅगनमध्ये साधारण ७० हजार लिटर. पन्नास वॅगनची गाडी म्हणजे ३५ लाख लिटर. ती घसरली, पेटली, आणि शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया भाजल्या. १९९१ चा कायदा? रेल्वेखेरीज. मोटार कायदा? ती मोटार नाही. मग रेल्वे कायदा बघू, तिथं कलम १२४ आहे. चूक असो-नसो भरपाई, मृत्यूला ८ लाख, २०१७ पासून. चांगलं कलम आहे. पण शब्द वाचा: प्रवासी असलेल्या गाडीचा अपघात आणि त्या गाडीतला प्रवासी. मालगाडी एकटीच घसरली तर कलम जागचं हलत नाही. प्रवासी गाडीला धडकली तरी वावरातली बाई 'प्रवासी' होत नाही. ई-तिकीट काढताना पन्नास पैशांहून कमी पैशांत दहा लाखांचा प्रवास विमा मिळतो. गाडीतल्या माणसासाठी दोन-दोन छत्र्या आहेत. रुळाशेजारच्या माणसासाठी एकही नाही.

मालाची सोय मात्र बघा. रेल्वे कायद्यात माल हरवला, भिजला, जळला तर वाहक म्हणून रेल्वेची जबाबदारी, तिचे अपवाद, रेल्वे दावा न्यायाधिकरण, सगळं आहे. धोकादायक मालासाठी 'रेड टॅरिफ' नावाची वेगळी नियमावली आहे. ती न पाळता असा माल चढवणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणजे जळालेल्या डिझेलचा हिशोब होईल. जळालेल्या कापसाचा, वेचणारणीच्या हाताचा हिशोब करायला कुठलं कलम उघडायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

हे नुसतं काल्पनिक भय नाही. १३ जुलै २०२५ ला तामिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलची मालगाडी घसरली आणि पेटली. वॅगनमागून वॅगन जळाल्या. जवळच्या लोकांना घरं सोडून जावं लागलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण नशीब म्हणजे पॉलिसी नव्हे.

दुसरी बाजू

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. कायदा करणारे काही मूर्ख नव्हते. रेल्वे सरकारची. सरकार दिवाळखोर होत नाही. लाक-मेगाँटिकची कंपनी बुडाली तशी भारतीय रेल्वे बुडणार नाही. मग सरकारनं विमा कंपनीला हप्ते कशाला भरायचे? खजिन्यातून देता येतं. शिवाय रेल्वेला तिचा स्वतंत्र कायदा आहेच.

मुद्दा वजनदार आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर याच कायद्यात आहे. कलम ४ मध्ये सोय आहे की, केंद्र सरकार, राज्य सरकार, सरकारी महामंडळ, स्थानिक संस्था यांना विम्यातून सूट देता येईल. पण कधी? त्यांनी दायित्व भागवण्यासाठी स्वतःचा निधी उभा केला असेल तरच. म्हणजे संसदेला सरकारी मालकाचा प्रश्न दिसला होता आणि तिनं तो नीट सोडवला होता: विमा नको तर नको, निधी ठेवा, दायित्व मात्र राहील. मग रेल्वेला हीच वाट पुरेशी होती. तिला व्याख्येतूनच बाहेर काढलं तेव्हा विमा गेला, निधी गेला आणि दायित्वही गेलं. माझ्या लेखी हा कायद्याचा सगळ्यांत मोठा रचनादोष आहे. विम्यातून सूट देणं समजू शकतो. जबाबदारीच्या वाक्यातूनच नाव काढणं समजत नाही.

'सरकार देईलच' या विश्वासाबद्दल एकच सांगतो. भोपाळच्या तडजोडीनंतर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला पुढे उद्भवणाऱ्या रुग्णांसाठी विमा काढायला सांगितलं होतं. मार्च २०२३ मध्ये जास्त भरपाईची मागणी फेटाळताना त्याच न्यायालयानं नोंदवलं की, ते विमे काढलेच गेले नाहीत. सरकार दिवाळखोर होत नाही हे खरं. सरकार विसरतं, हेही खरं.

वकील मित्र म्हणतील, मार्ग आहेत. श्रीरामचं तत्त्व आहे, उच्च न्यायालय आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम १७ आहे, तिथंही चूक सिद्ध करावी लागत नाही. 'हाताळणी' च्या यादीत भरणं, उतरवणं बसवता येईल, तेल कंपनीला 'मालक' म्हणून धरता येईल. सगळं मान्य. पण हे युक्तिवाद आहेत, आणि युक्तिवाद म्हणजे वेळ. १९९१ च्या कायद्याचं सगळं सौंदर्य वेळेत होतं. अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लावायचा, असं तो म्हणतो. भाजलेल्या माणसाला त्या तीन महिन्यांचंच काय ते अप्रूप.

आणखी एक, सर्व्हेअर म्हणून. विमा फक्त पैसे देत नाही. हप्ता ठरवण्याआधी कोणीतरी बाहेरचा माणूस येऊन बघतो: अग्निशामक भरलेत का, वायर उघडी आहे का, वस्ती किती जवळ आहे. जिनिंगवाले माझ्यासारख्यांना कंटाळायचे, पण पाण्याची टाकी भरून ठेवायचे. जिथं विमा नाही तिथं हा बाहेरचा डोळाही नसतो. रेल्वे स्वतःच वाहक, स्वतःच विमेदार आणि बऱ्याच अंशी स्वतःच तपासनीस.

मग मागायचं काय?

फार नाही. कलम २ मधून 'रेल्वेखेरीज' काढा. रेल्वेला विमा नको असेल तर कलम ४ प्रमाणे निधी ठेवायला सांगा. निधी कुठून? कॅनडाचा सुरुवातीचा दर टनाला १.६५ डॉलर, म्हणजे ढोबळ मानानं शंभर रुपये. एका टनात साधारण बाराशे लिटर डिझेल बसतं. लिटरमागे आठ पैसे. आणि एवढं घ्यायचीही गरज नाही.

नव्या मार्गासाठी आपल्या जिल्ह्यात ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला, कमी-जास्त असेल, भांडणं असतील. पण ज्याची जमीन गेली तो रुळापासून दूर गेला. ज्याची उरली तो रुळाशेजारी राहिला. त्याच्याशी कोणी काहीच ठरवलेलं नाही. हे ठरवायची वेळ अजून गेलेली नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: वणीकडं कोळसा जातो रेल्वेनं. त्याला हे लागू आहे का?*

कोळसा पेट घेतो, पण १९९१ चा कायदा अधिसूचित धोकादायक पदार्थांपुरता आणि अपघातापुरता आहे. रोजची धूळ हा 'अपघात' नाही. तुमचा प्रश्न प्रदूषणाचा आहे, त्याची दारं वेगळी. त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

*प्रश्न: फवारणीच्या वेळी हा कायदा का नाही लावता आला? शेतमजूर तर धोकादायक वस्तूच हाताळत होता.*

चांगला प्रश्न आहे. कायदा म्हणतो, मदत मिळेल ती 'कामगाराखेरीज' इतर व्यक्तींना. कामगारासाठी तेव्हा १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता, असं त्यामागचं गृहीतक. रोजंदारीवर दुसऱ्याच्या वावरात फवारणारा माणूस कामगार की नाही, त्याचा मालक कोण, 'हाताळणी' चं नियंत्रण कोणाकडे, इथूनच वाद सुरू होतात. 'खेरीज' हा शब्द या कायद्यात दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही वेळा आपल्याच माणसावर येऊन पडतो.

*प्रश्न (दारात भेटलेले काका): ते गोठेवाल्याचं काय झालं मंग?*

त्यानं पुढच्या वर्षी गोठा बांधला. उधारीवर. जिनिंगवाल्यानं माणुसकी म्हणून टिनाचे पत्रे दिले. चांगला माणूस होता. पण काका, पत्रे त्यानं दिले नसते तर मागायचे कोणत्या कलमाखाली, हे मला तेव्हा सांगता आलं नव्हतं.